सरकीचा बोळा

सत्यशीला मनवरच्या पदरावर गेल्या डिसेंबरात एक बिल्ला लागला. पिवळं प्लास्टिक, त्यावर तिचं नाव आणि नावाखाली ठळक अक्षरांत 'टीम लीडर'. त्याआधी अकरा सीजन ती नुसती मुकादमीण होती आणि तिचं काही अडलं नव्हतं.

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एक जुनी जिनिंग आहे. दिवाळी झाली की तिचा भोंगा वाजायला लागतो तो थेट उन्हं तापेपर्यंत. शेतकऱ्यांचा कापूस येतो, रेच्यांतून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांतून, निघतो, रुई एकीकडे आणि सरकी एकीकडे होते, रुईच्या गाठी बांधून ट्रक निघून जातात. रेच्यांवर माणसं असतात, पण कापूस रेच्यापर्यंत पोचायच्या आधी एका लांब पट्ट्यावरून सरकत जातो आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बाया उभ्या असतात. कवडी, म्हणजे किडून पिवळा पडलेला कापूस, वेचायची, पाला काढायचा, पोत्याची सुतळी, केस, पिसं, गुटख्याची पुडी, कधी फुटकी बांगडी तर कधी कोणाच्या मनगटावरून गळलेली राखी. कापसाबरोबर माणसाच्या घरातलं काय काय येतं, ते या बायांनाच विचारावं. अशा तेरा बाया, आणि त्यांच्यावर सत्यशीला.

मुकादमकी तिने मागून घेतली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी ती पट्ट्यावरच उभी होती. कापसातून एक लोखंडी नट सरकत गेला तो तिला दिसला, पण हात पोचायच्या आत पुढे निघून गेला. लोखंड रेच्यात गेलं की ठिणगी, आणि ठिणगी म्हणजे अख्ख्या शेडची होळी. तेव्हाचा मुकादम बाहेर बसून खर्रा घोटत होता. सत्यशीला धावत गेली आणि तिने लाल बटण दाबून सगळंच बंद पाडलं. शेठनं तिला लुगडं दिलं आणि मुकादमाला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तेरा बाया तिच्या तोंडाकडे बघत उभ्या. ती म्हणाली, "तुमच्या हातून खडा सुटला त वरती रेच्यावर कोणाचं तरी लेकरू उभं हाय. एवढं ध्यानात ठेवा, बाकी काही सांगत नाही."

ते एक वाक्य ती अकरा वर्षं रोज सकाळी बोलत आली. दुसरं भाषण तिला येतही नव्हतं. पण त्या अकरा वर्षांत त्या शेडमध्ये एकदाही आग लागली नाही.

आता त्या पट्ट्याची गंमत अशी, की त्यावरच्या सगळ्या जागा सारख्या नाहीत. जिथे जाड पाइपातून कापूस भसाभस येऊन पडतो, ते पट्ट्याचं तोंड. तिथे दोन बाया लागतात. धूळ, माती, कापसाची कुस, सगळं आधी त्या दोघींच्या नाकातोंडात. दुपारपर्यंत पापण्या पांढऱ्या होतात आणि पंचविशीतली पोरगी आजीबाई दिसायला लागते. आणि दुसऱ्या टोकाला, अगदी शेवटी, खिडकी आहे. तिथे वारा लागतो, गेटपर्यंतचा रस्ता दिसतो, आणि दुपट्टा नाकाखाली घेऊन दोन शब्द बोलताही येतात. तोंडाला कोणी उभं राहायला तयार नसे आणि खिडकीसाठी मारामारी. सत्यशीलाच्या पहिल्याच सीजनला दोघी अशा जुंपल्या, की एकीचा अंबाडा दुसरीच्या मुठीत आला.

तेव्हा तिने सरकी काढायला सुरुवात केली. सकाळी गाठींच्या शेडमधून मूठभर साफ रुई आणायची, तिचे तेरा बोळे करायचे, त्यातल्या दोन बोळ्यांत एकेक सरकी लपवायची आणि सगळे ओटीत घ्यायचे. बाया रांगेत हात पुढे करून उभ्या. सत्यशीला ओटीतून एकेक बोळा काढून एकेकीच्या तळहातावर ठेवत जाई. मग सगळ्यांनी एकदम बोळा फोडायचा. सरकी निघाली तिने तोंडाला उभं राहायचं, बाकीच्यांनी ज्या क्रमाने हात पुढे केले त्या क्रमाने पुढच्या जागा. भांडण मिटलं. नशिबाशी कोण भांडणार?

पहिलं वर्ष ती सरकी अगदी खरी होती. दुसऱ्या वर्षी बबिता सात महिन्यांची पोटुशी असताना कामाला येत होती. एका सकाळी सत्यशीला तिच्यासमोर आली, ओटीत हात घातला आणि बोटांना बोळ्यातली सरकी लागली. कडक, बारीक. ज्या बाईनं जन्मभर कापूस हाताळला तिच्या बोटाला सरकी कळणार नाही तर काय कळणार? तिने तो बोळा सोडला, दुसरा उचलला आणि बबिताच्या हातावर ठेवला. हातून गेलं ते गेलं. त्यानंतर तिची बोटं थांबली नाहीत.

कोणाला ताप असे, कोणी रात्रभर दवाखान्यात बसून आलेली असे, कोणाच्या डोळ्याखाली नवऱ्याचा हात उमटलेला असे. त्या दिवशी तिला सरकी येत नसे. धडधाकट, कालच खिडकीला उभी राहून खिदळलेली, तिला येत असे. आणि दुसरी सरकी कोणालाच द्यावीशी वाटली नाही, की तो बोळा ओटीतच राही, 'आज एक सरकीवाला बोळा खालीच पडला वाटते' असं काहीबाही बोलून सत्यशीला दुपट्टा आवळून स्वतः तोंडाला जाऊन उभी राहत असे.

बायांना हे कळत नव्हतं असं समजू नका. तेरा बाया एका पट्ट्याला उभ्या असल्यावर कळायचं राहतं ते काय? पण कोणी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर ते मोडलं असतं, आणि आपलीही वेळ कधीतरी येणार हे प्रत्येकीला ठाऊक होतं. म्हणून सगळ्या जणी रोज सकाळी नशिबाचा खेळ खेळल्यासारखं करत आणि मुकाट्यानं आपापल्या जागी जात. काम मात्र असं करत, की शेजारच्या जिनिंगचे लोक बघायला येत.

मैनाबाईच्या हातात तर सहा वर्षांत सरकी आलीच नव्हती. मैनाबाई साठीच्या पुढची. छातीत घरघर, चार पावलं चालली की थांबायची. सत्यशीला तिला रांगेत शेवटी ठेवी, म्हणून खिडकीची जागा बहुतेक तिचीच असे. मुलगा-सून जवळच राहत, पण ती वेगळ्या खोलीत एकटी राहायची आणि त्याचा तिला फार अभिमान. "सुनेच्या दारात ताटली घेऊन बसाची पाळी आली नाही अजून," असं ती महिन्यातून दोनदा तरी ऐकवायची. सगळ्यांना पाठ झालं होतं. बोटं मात्र तिची अजून पोरीसारखी चालत. नायलॉनचा केसाएवढा धागा ती खिडकीच्या उजेडात बरोबर पकडायची.

मग यंदा इंद्रजितसर आले. नवे मॅनेजर. वय तिशीच्या आतलं, नागपूरला शिकलेले, स्वभावानं वाईट म्हणता येणार नाही, बायांना 'तुम्ही' म्हणत. त्यांनी सत्यशीलाला यवतमाळच्या एका हॉलमध्ये ट्रेनिंगला पाठवलं. टीम कशी चालवावी, माणसांना जोश कसा द्यावा, असं काहीतरी. तिथे तीस लोकांना एकेक फुगा आणि एकेक टाचणी दिली आणि सांगितलं, पाच मिनिटांनी ज्याचा फुगा शाबूत तो जिंकला. झालं, सगळे एकमेकांच्या फुग्यांवर तुटून पडले. सत्यशीलाने फुगा पदराखाली घेतला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ट्रेनिंग देणारे सर खूश झाले. एकमेकांचे फुगे फोडा असं मी कुठे म्हटलं होतं, असं म्हणून त्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. घरी आल्यावर फुगा तिने शेजारच्या पोरीला दिला, आणि बिल्ला दुसऱ्या दिवशी पदराला लागला.

"लीडर," नवरा देवराव खाटेवरून म्हणाला. तो त्याच जिनिंगमध्ये हमाल होता, गाठ उचलताना कंबर गेली तेव्हापासून घरी. "आता आमाले जयभीम करशीन का तूच आमचा घेशीन?"

"पहिले उठून पाणी भर," सत्यशीला म्हणाली. तेवढीच चेष्टा झाली.

जानेवारी सरता सरता ट्रकवरून एक मशीन उतरलं. हिरवं, दोन खोल्यांएवढं. कापूस झाडून-झटकून साफ करणारं. बाया त्याच्याभोवती फिरून आल्या, एकीने पत्र्यावर हात फिरवून पाहिला. बुधवारी इंद्रजितसरांनी सत्यशीलाला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच तिला समजायला हवं होतं.

"मशीन लागलं की पट्ट्यावर सहाच लागतील," ते म्हणाले. "तुम्ही सोडून सहा. सात कमी करायच्या. नावं तुम्ही द्या, शनिवारपर्यंत."

"म्या काहून देऊ सर?"

"तुम्ही त्यांना ओळखता. मी वरून यादी लावली तर गोंधळ होईल. तुमचं त्या ऐकतात."

सत्यशीलाने विचारलं, की तेराही जणी अर्धे अर्धे दिवस आल्या तर? पाळीपाळीने? सरांनी मान हलवली. हजेरीपटावर सहाच नावं बसतात, त्यांच्या हातात नाही. मग ती म्हणाली, मी देत नाही नावं, माझंच नाव कमी करा. सर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही ते आवडत नव्हतं, हे तिला दिसत होतं, आणि म्हणून त्यांच्यावर धड चिडताही येईना.

"बाई, तुम्ही गेलात किंवा नावं दिली नाहीत तर शेठ ठेकेदाराच्या बाया आणतील. त्याची गँग तयार आहे. मग तेरापैकी एकही राहणार नाही."

ती शेठकडे गेली. शेठनं चहा पाजला, तुम्ही तर मला लेकीसारख्या म्हणाला, आणि इंद्रजित बघतो म्हणाला. इंद्रजितनं आधीच सांगितलं होतं, शेठ बघतात. आता बोला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशा गतीला ती बाई आली, आणि पदरावर बिल्ला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कडुलिंबाखाली सगळ्यांना बसवून जसं होतं तसं सांगितलं. लपवायचं काय? कोणी रडलं नाही. भाकरी हातात तशाच राहिल्या. मोतीबाई, जी सगळ्यात मोठ्यानं बोलायची, तीसुद्धा बोटानं मातीत रेघा ओढत होती. मग निकिता बोलली. निकिता सगळ्यात तरणी, सत्यशीलाच्या बहिणीची सून. सत्यशीलानेच तिला कामाला लावलं होतं.

"सरकी काढा ना मावशी."

आणि सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. हो, हो, सरकी काढा. ज्याच्या त्याच्या नशिबानं. बबिताने तर भाकरीचा तुकडाही मोडला. त्या इतक्या पटकन हो म्हणाल्या, की सत्यशीलाने भाकरी खाली ठेवली. कारण त्या का हो म्हणाल्या ते तिला त्याच क्षणी समजलं. प्रत्येकीला वाटत होतं, की सरकी आपल्याला येणार नाही. सत्यशीलाताई बघेल.

शुक्रवारी त्याची खात्री पटली. सकाळी एकीने अंबाडीची भाजी आणून दिली. दुसरी पाणी प्यायच्या निमित्ताने जवळ आली आणि पोराच्या बारावीबद्दल बोलत राहिली. मोतीबाईने तिचा हात धरला, दाबला आणि निघून गेली. निकिता संध्याकाळी घरी येऊन भांडी घासून गेली, जी तिने कधी घासली नव्हती. मला ठेव असं तोंडानं कोणीच म्हटलं नाही. तिच्या या दहा बोटांवर तेरा घरं येऊन बसली होती.

एकटी मैनाबाई तेवढी आली नाही. तिला यायची गरजच वाटली नाही. उलट दुपारी खिडकीजवळून तिने विचारलं, "सत्यशीला, पुढल्या सीजनले मले एक जाड दुपट्टा घ्या लागन. हा पार इरला. बाजारात कोन्ता चांगला भेटते?"

सत्यशीलाने सांगितलं, सुती घे.

घरी चुलीपुढे बसून तिने मनातल्या मनात यादी करून पाहिली. सहा ठेवायच्या. मैनाबाई तर हवीच, तिला दुसरं कोण काम देणार? मोतीबाईच्या घरात कमावणारी तीच. बबिताची पोरगी लहान, नवरा तसला. एकीची सासू अंथरुणाला. निकिताला काढलं तर बहिणीला काय तोंड दाखवू, आणि ठेवलं तर बाकीच्यांना काय दाखवू? सहा संपल्या आणि अजून सात उभ्याच होत्या, त्यातल्या एकीलाही जा म्हणावं असं नव्हतं. एका दिवसासाठी धुळीत उभं करणं वेगळं. त्याचं उसनं दुसऱ्या दिवशी फेडता येतं. हे कसं फेडणार?

"काय करू मी?" तिने देवरावला विचारलं.

देवराव खाटेवर कुशीवर वळला. मग म्हणाला, "तुह्या बोटायले डोळे हायेत. यावेळी ते झाकून घे. म्हंजे शिव्या बसतीन त नशिबाले बसतीन. तू कोणाचा जीव तोलू नको."

तिला ते पटलं. पटलं, की दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून पटल्यासारखं झालं, ते तिचं तिलाही सांगता येणार नाही. पण तिने ठरवलं की ही सरकी खरी काढायची. पहिल्या वर्षीसारखी.

शनिवारी ती भोंग्याच्या आधी आली. रुईचे तेरा बोळे केले, सातांत सरकी घातली. बोळे मुठीएवढे जाड केले, वरून दाबले तरी कळू नये असे. ओटीत घेतले नाहीत. घरून स्टीलचा उभा डबा आणला होता, त्यात भरले, झाकण लावून हलवले, आणि डबा स्टुलावर ठेवला. म्हणाली, "आज म्या देत नाही. एकेकीनं यावं, हात घालावा, एक उचलावा. म्या इकडे तोंड करून उभी राह्यतो." आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मागे कुजबूज झाली. कोणीतरी हळूच हसलंसुद्धा. ताई नाटक बरं करते, असं कोणीतरी म्हणालेलं तिच्या कानावर आलं. तिला वळून सांगावंसं वाटलं, की बायांनो, नाटक नाही हे, आजच काय ते नाटक नाही. पण मग रोजचं काय होतं, तेही सांगावं लागलं असतं.

एकेक येत होती. बांगड्या डब्याच्या काठाला लागत, बोळा निघे, पावलं बाजूला होत. निकिताच्या प्लास्टिकच्या बांगड्या. मोतीबाईच्या हातातलं जाड कडं. भिंतीवरचा एक जाळ्याचा धागा बघत सत्यशीला मोजत होती. आठ. नऊ. दहाव्या वेळी दोन काचेच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. त्याबरोबर घरघर ऐकू आली. मैनाबाई.

हात डब्यात गेला होता आणि बाहेर येत नव्हता. सत्यशीलाला पाठीवर तिची नजर जाणवत होती. म्हातारी वाट बघत होती. खाकरशील, मान हलवशील, पाय आपटशील, कोणता उचलू ते सांगशील. सहा वर्षं वाचवत आलीस. सत्यशीलाने वळून डबा सारखा करायच्या मिषाने नुसता हात घातला असता, तरी बोटांनी काम केलं असतं. बोळा कितीही जाड असो, तिच्या बोटांना कळलं असतं. तिने दोन्ही मुठी आवळल्या आणि ती हलली नाही. आपण बरोबर करतो आहोत असं तिने स्वतःला तीनदा सांगितलं. मग मागे बांगड्या पुन्हा वाजल्या, हात बाहेर आला, आणि पावलं घासत बाजूला गेली.

तेराही झाल्यावर ती वळली. "फोडा," म्हणाली.

मैनाबाईच्या तळहातावर सरकी होती. मोतीबाईच्याही. निकिताचा बोळा साफ. बबिताचाही साफ.

नशिबालाही कधीकधी अक्कल नसते. तेरा बायांत सत्यशीलाची एकच नातलग होती, ती राहिली. आणि जिला सहा वर्षं फुलासारखं जपलं, ती गेली. मोतीबाईने सरकी चिमटीत धरून उजेडात पाहिली, खरी आहे की नाही ते बघावं तशी. मग ती म्हणाली, "घरची राह्यली," आणि दुपट्टा काढून झटकला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"म्या पाह्यलं नाही," सत्यशीला म्हणाली. "बुद्धाची आण, म्या हात नाही लावला."

ज्या राहिल्या होत्या त्या खाली बघत होत्या, बबितासुद्धा. निकिता रडायला लागली आणि त्याने तर आणखीच वाईट दिसलं. दहा वर्षं जी गोष्ट सगळ्या जणींनी पोटात ठेवली, तिच्यामुळे आता हिचा एक खरा शब्दही कोणाला खरा वाटत नव्हता. आणि त्यांना खोटं तरी कसं म्हणावं? त्यांनी बघितलं तेच त्या मानत होत्या. ही बाई जिला द्यायची तिला देते.

नावांचा कागद घेऊन ती केबिनमध्ये गेली. इंद्रजितसरांनी तो वाचला. "शाब्बास," म्हणाले. "एक आवाज झाला नाही. दुसऱ्या युनिटला पोलीस बोलवावे लागले होते. पुढच्या ट्रेनिंगला तुम्हीच बोला बाई, टीमला सोबत कसं घेऊन चालायचं ते." त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. सत्यशीलाने मान डोलावली, कारण मान डोलावल्याशिवाय त्या खोलीतून बाहेर पडता आलं नसतं.

संध्याकाळी सात जणी गेटबाहेर पडल्या. सहा पुढे निघून गेल्या. मैनाबाई चार पावलं चालून थांबली, तिच्या सवयीनं. सत्यशीलाने धावत जाऊन तिला गाठलं. तिची पिशवी हातात घ्यायला गेली तर म्हातारीने दिली, ओढून घेतली नाही. दोघी रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. कापसाच्या गाड्या गेटकडे वळत होत्या.

"मावशी," सत्यशीला म्हणाली, "तुले वाटत असन का म्या तुले काढलं. म्हातारी झाली म्हणून. तसं नाही वो. आज खरंच नाही पाह्यलं म्या. इतके वर्षं पाहून देत होती, हे खरं हाय. पण आज नाही पाह्यलं. लेकरायची शप्पथ घेतो."

मैनाबाईने आधी दम घेतला. तिच्या पापण्यांना अजून कुस होती.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तू खोटं कायले बोलशीन? तुही पाठ पाहूनच समजलं मले, का आज ही पाहत नाही."

सत्यशीलाचा जीव भांड्यात पडला. निदान एकीला तरी.

"पण मले एक सांग," मैनाबाई म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारावं तसं. "रोज धुळीच्या जागेसाठी पाहत होती. माह्यासाठी, बबितासाठी, साऱ्यायसाठी. मंग आजच काहून नाही पाह्यलं?"

सत्यशीलाने तोंड उघडलं. न्याय, नशीब, कोणाचा जीव तोलायचा नाही, हे सगळं तिच्याजवळ होतं. म्हातारीच्या हातात ती सरकी अजून तशीच होती आणि ती अंगठ्याने तिला फिरवत होती. मैनाबाईने थोडा वेळ वाट पाहिली, जशी सकाळी डब्यात हात घालून पाहिली होती. मग पिशवी परत घेतली आणि उठली. "चाल, अंधार पडते," म्हणाली आणि आपल्या वाटेने निघाली. सूनबाईचं घर त्याच बाजूला होतं.

सोमवारी हिरवं मशीन सुरू झालं. आवाज असा, की शेजारणीचं बोलणंही ऐकू येईना. सत्यशीला रुईचे सहा बोळे ओटीत घेऊन आली, सवयीनं. पण बाया रांगेत उभ्या नव्हत्या. त्यांनी आधीच आपापल्या जागा धरल्या होत्या. तोंडाला निकिता आणि बबिता, दुपट्टे डोळ्यांपर्यंत आवळलेले. मधे बाकीच्या. शेवटची खिडकीची जागा तेवढी रिकामी ठेवलेली.

"सरकी?" तिने विचारलं.

बबिताने दुपट्टा खाली केला. "ऱ्हाऊ द्या ताई आता. आमचं आमी लावलं. तुमी तिथं उभ्या ऱ्हा."

त्यात राग होता की माया, सत्यशीलाला कळेना, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. भोंगा वाजला. तिने आपलं रोजचं वाक्य म्हटलं, वर रेच्यावर कोणाचं तरी लेकरू उभं आहे ते, पण मशीनच्या आवाजात ते कोणापर्यंत पोचलं नाही. मग ती पट्ट्याच्या शेवटी जाऊन उभी राहिली. वारा चांगला येत होता. तिथून गेटपर्यंतचा रस्ता सगळा दिसत होता.